मदत हवी आहे: रजेच्या दिवशीही कंपनीचं ॲप लोकेशन घेतंय, नोकरी न घालवता हे थांबवायचं कसं?

धागाकर्ता

मंडळी, नमस्कार.

मी एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना भेटणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, हेडक्वार्टर पुणे. सातारा रोड, बिबवेवाडी, कात्रज हा रोजचा पट्टा, एक्स-स्टेशनला (बाहेरगावच्या फेरीला) भोर आणि सासवड. कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका.

आमचं रिपोर्टिंगचं ॲप माझ्या स्वतःच्या फोनवर आहे. कंपनी फक्त रिचार्जचे पैसे देते. प्रत्येक क्लिनिकचं जिओ-टॅगिंग झालंय, म्हणजे नकाशावरची जागा ॲपमध्ये नोंदलेली आहे. टॅगपासून लांब असलो तर ॲप कॉल (डॉक्टरांच्या भेटीची नोंद) घेतच नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. घरी लोळत डीसीआर (रोजच्या भेटींचा रिपोर्ट) भरणारे महाभाग मीही पाहिलेत, कंपनीला खात्री हवी असणारच.

अडचण पुढे आहे. मध्यंतरी एक दिवस रजा घेतली होती, रीतसर मंजूर झालेली. घरातल्या एका माणसाला घेऊन कर्वे रोडला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो होतो. नंतर एएसएमसोबत, म्हणजे माझ्या एरियाच्या साहेबांसोबत, जॉइंट वर्क (एकत्र फिरून डॉक्टरांना भेटणं) होतं. बिबवेवाडीत टपरीवर चहा घेताना साहेबांनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर निळी रेघ, धायरीहून निघालेली, आणि कर्वे रोडवर एक जाडसर ठिपका. ते डॉक्टर आमच्या यादीत असल्यामुळे ठिपक्यावर बोट ठेवलं की नाव, डिग्री, ओपीडीची वेळ सगळं उघडतं. साहेब म्हणाले, "रजेवर होतास ना रे? मग डॉक्टरांकडे पाऊण तास काय करत होतास? आणि बसलाच होतास तर कॉल का नाही टाकलास?"

ओळखीचे आहेत, सहज गेलो होतो, असं सांगून वेळ मारून नेली. माणूस वाईट नाही, त्यांनी गमतीतच विचारलं. पण जी गोष्ट आम्ही सख्ख्या काकांना सांगितलेली नाही, ती माझ्या साहेबांच्या फोनमध्ये रेघ काढून ठेवलेली आहे.

ॲप टाकताना आयटीवाल्यांनी सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन "नेहमी अनुमती द्या" करायला लावलं होतं. आता ते "ॲप वापरताना" केलं तर चालेल का? संध्याकाळी लोकेशनच बंद केलं तर साहेबांना कळेल का? आणि कायद्यात याबद्दल काही आहे का? नोकरीची गरज आहे, हप्ते चालू आहेत, तेव्हा "सोड ती कंपनी" हा सल्ला सोडून काहीही सांगा.

मोबाईलवेडा

आधी रोग नीट बघा, मग औषध. अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढचं असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड सापडेल. गेल्या 24 तासांत कोणत्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं ते तिथे वेळेनिशी दिसतं. रात्री अकरा, पहाटे चार असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे बोलताना कामाला येईल.

"नेहमी" हा पर्याय आयटीवाल्यांनी हाताने का करायला लावला, त्यालाही कारण आहे. अँड्रॉइड 11 पासून ॲपला नुसती चौकट दाखवून ही परवानगी घेता येत नाही, माणसाला सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः निवडावी लागते.

"ॲप वापरताना" केल्याने फरक पडेल, पण एक मेख आहे. वापरताना याचा अर्थ स्क्रीनवर उघडं असताना एवढाच नाही. वरच्या पट्टीत त्या ॲपचं न हटणारं नोटिफिकेशन दिसत असेल, तर फोनच्या हिशेबी ते "वापरात" आहे आणि खिशात फोन असतानाही लोकेशन घेत राहू शकतं. रीसेंटमधून सरकवून टाकलं म्हणजे मेलं, असं समजू नका. ॲप इन्फोमध्ये जाऊन फोर्स स्टॉप करा.

आणि हो, लोकेशन बंद केलेलं ॲपला कळू शकतं. बरीच ॲप्स तशी नोंद वरपर्यंत पाठवतात.

सदाशिवपेठी

लपवण्यासारखं काही नसेल तर एवढी धावपळ कशाला? आणि गूगलला तुम्ही कुठे जाता ते माहीत आहेच की. लक्ष्मी रोडला गर्दी आहे हे नकाशावर लाल दिसतं ते तुमच्याआमच्या फोनवरूनच. त्याचं कौतुक आणि कंपनीने बघितलं की बोंब.

धागाकर्ता

सदाशिवपेठी, लपवण्यासारखं आहेच. घरच्या माणसाचं आजारपण आहे, ते माझं एकट्याचं सांगण्यासारखं नाही. गूगलचं म्हणाल तर गूगल माझी इन्क्रिमेंट ठरवत नाही. मला कामाच्या वेळेत बघायला हरकत नाही हे मी वर लिहिलंय, पुन्हा लिहितो.

निवृत्त एमआर

आमच्या काळी साहेब सकाळी आठला एसटी स्टँडवर अचानक उगवायचे, आता ते घरबसल्या उगवतात. असो.

मित्रा, एक गोष्ट अजिबात करू नकोस. कुणीतरी तुला फेक जीपीएसचं ॲप टाकायला सांगेल. ही रिपोर्टिंग ॲप्स खोटं लोकेशन ओळखतात आणि मग विषय प्रायव्हसीचा राहत नाही, खोट्या रिपोर्टिंगचा होतो. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या पोराची नोकरी अशीच गेली.

दुसरं, तू एकटा नाहीस. इलेक्ट्रॉनिक पाळत बंद करा ही एफएमआरएआयची, म्हणजे एमआर लोकांच्या देशभरच्या युनियनची, जुनी मागणी आहे. युनियनमध्ये नसलास तरी त्यांच्याकडे जाऊन बस, चहा पी, तुझ्याच कंपनीचे आणखी किती जण वैतागलेत ते कळेल. एएसएमशी एकट्याने भांडू नकोस. त्याच्या फोनमध्ये तू दिसतोस, तसा त्याच्या वरच्या आरएमच्या (रीजनल मॅनेजरच्या) फोनमध्ये तो दिसतो.

काळा कोट

कायद्याचं थोडक्यात. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. पण हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो, खाजगी कंपनीविरुद्ध थेट तेवढा धारदार नाही.

तुमच्या कामाचा वाटेल असा दुसरा निकाल 8 जुलै 2024 चा, फ्रँक व्हायटस विरुद्ध एनसीबी (अमली पदार्थांविरुद्धची केंद्रीय यंत्रणा). जामिनावर सुटलेल्या माणसाने तपास अधिकाऱ्याला गूगल मॅप्सवर आपली पिन दिसत ठेवावी, ही अट न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवायला मुभा देणारी अट घालता येत नाही, हा त्यातला मुद्दा. नोकरीच्या प्रकरणाला हा निकाल थेट लागू नाही. तरी एचआरला लिहिताना एक ओळ घालायला हरकत नाही: आरोपीला जे नको, ते रजेवरच्या कर्मचाऱ्याला कशाला?

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. शिवाय त्यातल्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरायची सोय ठेवलेली आहे. मात्र "नोकरीच्या कारणासाठी" या शब्दांतच तुमची बाजू आहे. मंजूर रजेच्या दिवशी कुठे गेलात हे कोणत्या नोकरीचं कारण, ते कंपनीने सांगावं.

कॅलिफोर्नियात 2015 मध्ये नेमकं असंच प्रकरण कोर्टात गेलं होतं. पैसे पाठवणाऱ्या एका कंपनीतल्या सेल्सच्या बाईंनी 24 तास लोकेशन घेणारं ॲप काढून टाकलं आणि त्यांना कामावरून काढलं. तू गाडी किती वेगाने चालवत होतीस तेही मला कळतं, असं बॉस सांगायचा म्हणे. शेवटी बाहेर तडजोड झाली, त्यामुळे निकालाचा आधार मिळत नाही.

तेव्हा ईमेल लिहा, व्हॉट्सॲप नको. सूर तक्रारीचा नको, विचारणेचा ठेवा. कामाचे तास कोणते, त्याबाहेरचं लोकेशन घेतलं जातं का, कोण बघतं, किती दिवस ठेवलं जातं. आणि त्या दिवसाची नोंद काढून टाकावी ही विनंती वेगळ्या परिच्छेदात. डॉक्टर कोणते, कशासाठी गेलात, यातलं काहीही लिहू नका.

मोबाईलवेडा

हाताने बंद-चालू करण्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे वर्क प्रोफाइल. कामाची ॲप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, संध्याकाळी तो कप्पा थांबवला की आतलं काहीच चालत नाही. कंपनीच्या आयटीने लावून दिलं तर उत्तम, त्यांना सुचवा. अँड्रॉइड 15 असेल तर प्रायव्हेट स्पेसही आहे, कुलूप लावलं की आतली ॲप्स थांबतात. सगळ्या फोनमध्ये मिळत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे घरातला जुना फोन कामाला लावा. ड्यूटी संपली की स्विच ऑफ.

हिंगणे खुर्द

विषय निघालाच आहे तर लोकेशनच्या यादीतली बाकीची ॲप्सही बघा हो. आमच्याकडे परवा यादी उघडली तर बॅटरी-टॉर्चपासून पंचांगापर्यंत सगळ्यांना लोकेशन! पंचांगाला एक वेळ सूर्योदयासाठी गाव कळायला हवं, तेही "अचूक लोकेशन" बंद करून अंदाजे दिलं तरी भागतं. टॉर्चला कशाला हवंय? गूगल सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींचा आयडीही (ज्यावरून जाहिरातवाले तुमचा फोन ओळखतात) डिलीट करून टाका. अमेरिकेत असल्या फुकट ॲप्समधून लोकेशन गोळा करून विकणारे दलाल आहेत, त्यांच्यावर तिथल्या एफटीसीने (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) कारवाईही केलीय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. डॅशबोर्ड बघितला. साडेदहा वाजता जेवण करून टीव्ही बघत होतो तेव्हाची नोंद आहे, पहाटेचीही आहे. स्क्रीनशॉट काढले.

काळा कोट यांनी सांगितलं तसं ईमेल टाकलं. एचआरचं उत्तर आलं: ड्यूटीनंतर ॲपमधून लॉगआउट करावं, लॉगआउट असताना लोकेशन घेतलं जात नाही. हे आम्हाला आजवर कुणीही सांगितलं नव्हतं, आणि रजेच्या दिवशी तर मी ॲप उघडलंही नव्हतं, म्हणजे आदल्या दिवसाचं लॉगिन तसंच चालू राहिलं असणार. नोंद काढून टाकण्याच्या विनंतीवर एक अक्षर नाही. पुन्हा लिहिलंय. लॉगआउटवरही माझा विश्वास नाही, दोन दिवस डॅशबोर्ड बघून मग सांगतो.

माझा अँड्रॉइड 13 आहे, प्रायव्हेट स्पेस नाही. बायकोचा जुना फोन कपाटात आहे, त्यावर ॲप टाकायचं ठरवतोय. फक्त त्याची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. तपकीर गल्लीत खात्रीची बॅटरी मिळेल का? आणि त्यात सिम न घालता माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर ॲप चालवलं तर जीपीएस नीट लागेल ना?

मोबाईलवेडा

जीपीएसला सिम लागत नाही, उपग्रहाचा सिग्नल फोन नुसता ऐकतो. सिमशिवाय पहिल्यांदा जागा सापडायला जरा वेळ लागू शकतो, तेव्हा इमारतीत शिरायच्या आधी रस्त्यावरच ॲप उघडा. बेसमेंटमधल्या क्लिनिकांत त्रास होईल. बॅटरी घेताना दुकानदाराला तिथेच बसवायला सांगा, बिल घ्या, आणि फुगलेली जुनी बॅटरी घरी परत आणू नका.