पहिली व्हायकिंग तलवार (रेप्लिका) घ्यायचीय, काय बघून घेऊ?

लीड्सकर: नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत यॉर्कच्या व्हायकिंग फेस्टिव्हलला गेलो होतो, तिथे तलवारी बघून पार वेड लागलंय. ऑनलाइन ६० पाउंडची चकचकीत स्टेनलेस पण दिसते आणि ३०० ची कार्बन स्टील पण, फोटोत दोन्ही सारख्याच. नेमका फरक काय? आणि इथे यूकेत घरात ठेवली तर कायद्याची कटकट?

पातं_आणि_मूठ: फरक मुठीच्या आत असतो मित्रा, फोटोत कुठून दिसणार. स्वस्तातलीत बरेचदा पात्याला मागे एक बारीक सळई वेल्ड केलेली असते, ती भिंतीवरच ठेव, चुकूनही फिरवू नकोस, वेल्ड तुटलं की पातं सुटून कोणालातरी लागेल. विक्रेत्याला सरळ विचार, मुठीत जाणारा भाग पात्याच्याच पोलादाचा आहे ना. आणि वजन विचार, खऱ्या तलवारी साधारण १ ते १.३ किलोच्या, पातं टोकाकडे पातळ होत जातं म्हणून हातात हलकी वाटते. दोन किलोची देत असतील तर सोडून दे.

ओस्लोवाली: दादा, आधी टाइप ठरवा. यान पेटरसन या नॉर्वेच्या पुरातत्त्वज्ञांनी १९१९ मध्ये नॉर्वेतल्या तलवारींचे मुठीवरून प्रकार पाडले, ए, बी, सी असे, चांगले कारागीर आजही तेच सांगतात. मला एच टाइप फार आवडतो, मुठीच्या लोखंडावर केसाएवढ्या उभ्या खाचा पाडून त्यात चांदीची नाहीतर तांब्याची तार ठोकून बसवलेली, म्युझियमच्या काचेला नाक लावून बघावं इतकं बारीक काम. ड्रॅगनची तोंडं, कवट्या वगैरे लावलेलं मात्र घेऊ नका, खऱ्या तलवारींशी त्याचा काही संबंध नाही.

लीड्सकर: धन्यवाद ताई! पण तिथे एक हातात घेतली तर मूठ फारच आखूड वाटली, चार बोटं कशीबशी मावली, मोठ्या मुठीची बघू का?

पातं_आणि_मूठ: अजिबात नको, ती तशीच असते, ९-१० सेंमी! आपल्या जुन्या तलवारींच्या मुठी पण अशाच घट्ट. मूठ जरा तिरकी धर, मुठीच्या मागच्या टोकाचा गोळा तळव्याला टेकला की मनगट आपोआप मोकळं होतं. कायद्याचं म्हणशील तर २००८ पासून तिथे ५० सेंमीच्या वरच्या वाकड्या पात्यांवर बंदी आहे, ही सरळ असते म्हणून त्यात येत नाही, फक्त योग्य कारणाशिवाय रस्त्यावर घेऊन फिरू नकोस, झाकलेली असली तरी. आणि कार्बन स्टील गंजतं हं, हात लावला की पुसून तेलाचा हात फिरव आणि म्यानात घालून ठेवू नकोस, चामडं ओल धरतं.