कल्याणकारी राज्याने थांबायचं कुठे?

काठावरचा
कल्याणकारी राज्य म्हणजे डावं आणि त्याला विरोध म्हणजे उजवं, अशी वाटणी आपण करून मोकळे होतो. इतिहास काही वेगळंच सांगतो. जर्मनीत आजारपणाचा विमा (१८८३), अपघात विमा (१८८४) आणि म्हातारपणाचं पेन्शन (१८८९) आणलं ते तिथला चॅन्सलर बिस्मार्कने, आणि त्यानेच १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदीचा कायदा केला होता. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा पाया घालणारा १९४२ चा अहवाल लिहिणारे बेव्हरिज हे लिबरल, म्हणजे उदारमतवादी. बाजारवादी अर्थतज्ज्ञ हायेकनाही कुणी उपाशी राहू नये एवढी किमान हमी मान्य होती. त्यांच्यासारखेच बाजारवादी फ्रीडमन तर ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाला सरकारने रोख रक्कम द्यावी असं म्हणत.

म्हणजे आधार द्यावा की नाही हा वादच नाही, कुठवर द्यायचा हा आहे. माझ्या मते ती रेघ हिशेबानेच आखावी लागते. बिस्मार्कच्या कायद्यात पेन्शनचं वय ७० होतं, तिथवर पोहोचणारेच कमी. आज माणसं पेन्शन घेत वीस-वीस वर्षं जगतात, चांगलंच आहे, पण मागून येणारे कमावते हात कमी होताहेत. अजून जन्मालाही न आलेल्यांच्या माथी हे कर्ज मारायला मी तयार नाही.

सावली
साफ असहमत. हिशेबाने आखलेली रेघ माणसाच्या दारात पोहोचल्यावर कशी दिसते ते बघा. ब्रिटनमध्ये १९३१ मध्ये खर्च वाचवायला बेकारी भत्त्यासाठी घरातल्या सगळ्यांच्या मिळकतीची तपासणी सुरू झाली. अधिकारी घरात येऊन बसायचा, सामानसुमान बघायचा, विकण्याजोगं काय आहे ते विचारायचा. मुलगा चार पैसे कमवू लागला की बापाचा भत्ता कमी. कितीतरी तरुण मुलं त्यापायी घर सोडून दुसरीकडे राहायला गेली. बेकार बापाने मुलाच्या पगारावर जगायचं आणि मुलाने ते रोज बघायचं! बेव्हरिजनी विम्याचा हप्ता भरलेल्याला तपासणीशिवाय हक्काने पैसे मिळावेत असा आग्रह धरला, तो लोकांच्या मनात ही चीड ताजी असताना.

आणि 'फक्त गरजूंनाच द्या' म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की मिळकत मर्यादेच्या जराशी वर गेली की सगळी मदत एकदम बंद होते. मग जास्त काम करणाऱ्याच्याच हातात कमी पैसे उरतात. आळस माणसात नाही, नियमात आहे.

हिशेबनीस
सावली, तपासणीबद्दल पूर्ण सहमत. पण सगळ्यांना सगळं द्यायचं तर पैसा कुठून आणणार? ब्रिटनची आरोग्यसेवा जुलै १९४८ मध्ये मोफत सुरू झाली आणि नकली दात नि चष्मे मागणाऱ्यांची एवढी रीघ लागली की अंदाजपत्रक कोलमडलं. १९५१ मध्ये मजूर पक्षाच्याच सरकारला त्यावर शुल्क लावावं लागलं.

सावली
अर्धीच गोष्ट सांगितलीत. ती रीघ म्हणजे वर्षानुवर्षं तुंबलेली गरज होती. आणि १९५१ चं शुल्क आलं ते कोरियन युद्धामुळे शस्त्रांचा खर्च वाढवला म्हणून. ज्यांनी ती सेवा उभी केली त्या बेव्हन यांनी याच मुद्द्यावर मंत्रिपद सोडलं. 'पैसे नाहीत' असं सांगितलं जातं तेव्हा ते कशासाठी आहेत, हे मी विचारणारच.

हिशेबनीस
ठीक, स्वीडन घ्या. तिथे १९९० च्या दशकातल्या संकटानंतर डाव्या-उजव्या पाच पक्षांनी मिळून पेन्शन बदललं. हप्ता मिळकतीच्या १८.५ टक्क्यांवर बांधला, आणि पेन्शनची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा वाढली की पेन्शनवाढ आपोआप रोखणारा ब्रेक बसवला. २०१० मध्ये तो लागला आणि पेन्शन खरंच कमी झाली. ना तपासणी, ना कुणाचा अपमान.

सावली
लागला, पण त्याआधी २००९ मध्ये त्याच पक्षांनी नियम बदलून त्याचा धक्का सौम्य केला होता. सूत्र कितीही पक्कं असलं तरी म्हाताऱ्यांच्या मिळकतीला कात्री लावायची वेळ आली की निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो.

काठावरचा
मुलाच्या पगाराची गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती वाचून थांबलो. रेघ हिशेबानेच आखावी, यावर ठाम आहे. पण ती कुणाच्या घरात शिरून आखायची नाही, हे मान्य. तरी सावली, एक प्रश्न उरतोच. २००९ मध्ये तो धक्का सौम्य करायचं ठरलं तेव्हा पेन्शनर मतदार होते. ज्यांनी पुढची चाळीस वर्षं हप्ते भरायचे, त्यांच्यातले बरेच तेव्हा शाळेत होते. त्यांच्या बाजूने कोण बोललं?