निरोगी मुलीचे संध्याकाळचे तापमान ९९ च्या वर जाते, याला ताप म्हणावे का?

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. ती व्यवस्थित जेवते, दिवसभर खेळते, रात्री शांत झोपते. सर्दी, खोकला, जुलाब किंवा लघवीची काही तक्रार नाही आणि वजनही वयाप्रमाणे वाढत आहे. सकाळी उठल्याबरोबर काखेत डिजिटल थर्मामीटर लावला, तर ९७.८ च्या आसपास आकडा येतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास मात्र तोच ९९.१ किंवा ९९.२ अंश फॅरनहाइट होतो.

अडचण पाळणाघराची आहे. तिथे कपाळासमोर धरायच्या यंत्रावर ९९ च्या पुढे आकडा दिसला की मुलाला घरी न्यावे लागते, आणि ही तपासणी नेमकी मुले अंगणात धावून, घामाघूम होऊन आत आली की होते. तिथल्या ताई मुलांना जीव लावतात, त्यामुळे त्यांना दुखवायचे नाही. पण धडधाकट मुलीला पॅरासिटामॉल देऊन पाठवण्याचा सल्ला मला पटत नाही.

वाचनातून एवढे समजले की शरीराचे तापमान पहाटे सर्वांत कमी आणि दुपार उलटल्यावर सर्वांत जास्त असते, लहान मुलांचे ते मोठ्यांपेक्षा किंचित अधिक असू शकते, आणि धावपळ, रडणे, जाड कपडे यांनीही काही वेळ चढते. ९८.६ ही तर सरासरी आहे. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये हजारो रुग्णांच्या काखेतील नोंदींवरून ती मांडली, तेव्हा दिवसभरातील चढउतारही त्यांनी नोंदवला होता.

माझा घोळ उंबरठ्याच्या आकड्यापाशी होतो. गुदद्वारातून मोजल्यास १००.४ आणि त्यापुढे ताप, याबद्दल सगळीकडे एकवाक्यता दिसते. काखेसाठी मात्र कुठे ९९, तर कुठे ९९.५ असे दिले आहे, आणि आमच्या मुलीचे आकडे या दोहोंच्या मधेच पडतात. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ आला तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचे असतात, हे मला ठाऊक आहे. प्रश्न मोठ्या, खेळत्या मुलांचा आहे.

येथील बालरोगतज्ज्ञांनी आणि अनुभवी पालकांनी कृपया सांगावे: काखेतील कोणता आकडा आपण ताप मानता? खेळून आल्यावर किती वेळ थांबून मोजावे? कपाळाच्या यंत्रावर जास्त आकडा आल्यास काखेत पुन्हा मोजूनच निर्णय घ्यावा, अशी विनंती मी पाळणाघराला लेखी करणार आहे. असे पत्र कोणी दिले असेल, तर त्यातील मजकूर येथे द्यावा.