‘ट्रेन’ या शब्दाचे मूळ काय?

प्रश्न (नौपाडा, ठाणे): १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती ‘ट्रेन’, मग नव्या कर्मचाऱ्याला शिकवणे हेही ‘ट्रेन करणे’ कसे?

उत्तर १: मूळ अर्थ ओढण्याचा आहे. लॅटिनमधील ‘त्राहेरे’, म्हणजे ओढणे, या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द पूर्वी जमिनीवर लोळणाऱ्या झग्याच्या घोळासाठी, तसेच राजामागून चालणाऱ्या लवाजम्यासाठी वापरला जाई. इंजिनामागच्या डब्यांना तो १९व्या शतकात लागू झाला. ‘ट्रॅक्टर’ही त्याच कुळातला.

उत्तर २: शिकवण्याचा अर्थ बहुधा वेल हव्या त्या दिशेने ओढून वळवण्यातून आला. गॅलरीतील जाईचे शेंडे मी सुतळीने गजाला बांधते, तेव्हा तो बोटांना कळतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आपले ‘वळण लावणे’ही त्याच वाटेने गेलेले दिसते.