मदत हवी आहे: घरात सोल्डरिंग आणि रांगणारं बाळ

नमस्कार मंडळी, आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. माझे सासरे माडीवर जुने रेडिओ दुरुस्त करतात. त्यांची सोल्डरची (वितळवून जोड द्यायची) तार ६०/४०, म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. धूर मुख्यतः तारेतल्या राळेचा असतो, त्यासाठी खिडकीत पंखा लावलाय. मला खरी भीती हातांची आणि धुळीची. तार हाताळून बाबा तसेच चहा घेतात, मग नातीला उचलतात. ती दहा महिन्यांची, दिसेल ते तोंडात घालते! लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी नसतेच. झाडू बंद करून ओल्या फडक्याने पुसतेय.

बिनशिशाची तार साधारण २२७ अंशांना वितळते, ती त्यांच्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नवर चालेल का? बाळाच्या रक्तातलं शिसं इथे कुठे तपासून मिळेल? आणि बाबांना न दुखावता हे सांगू कसं?