जुना २यू डिस्क शेल्फ: पंखे सुसाट, एक डिस्क फिरतच नाही, चार डिस्कना एकच पाथ

प्रश्न (रॅकमित्र):
जुना डिस्क शेल्फ (सर्व्हरबाहेर डिस्क ठेवायची, रॅकमधली दोन युनिट म्हणजे २यू उंचीची पेटी): १२ स्लॉट, ३.५ इंची, ६ जीबीपीएस सॅस (सर्व्हर आणि डिस्क जोडायची पद्धत). दोन आयओ मॉड्यूल (ए आणि बी, यांतूनच सर्व्हर डिस्कशी बोलतो), दोन पीएसयू (वीजपुरवठा युनिट). सर्व्हरवर लिनक्स, मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे दोन वाटांनी, म्हणजे पाथनी, जायची सोय) चालू, एचबीए (सर्व्हरमधलं सॅस कार्ड) १२ जीबीपीएसचं, दोन बाह्य पोर्ट.
उजव्या पीएसयूवर पिवळा दिवा आहे आणि तेव्हापासून सगळे पंखे पूर्ण वेगात आहेत. स्लॉट ७ मध्ये नवी डिस्क घातली तर फिरत नाही, दिवाही लागत नाही. आठपैकी चार डिस्कना मल्टिपाथमध्ये एकच पाथ दिसतो, बाकीच्यांना दोन. मिडप्लेन (डिस्क, मॉड्यूल आणि पीएसयू जोडणारा मधला बोर्ड) गेलं म्हणायचं का? शिवाय याच्याखाली दुसरा शेल्फ जोडायचा आहे, केबल कशा टाकायच्या?

उत्तर १ (सॅसवाला):
मिडप्लेनवर लगेच आळ घेऊ नका. त्यावर जवळपास कनेक्टर आणि ट्रेसच असतात, त्यामुळे ते क्वचितच जातं. गेलंच तर बहुतेक वेळा वाकलेल्या पिनमुळे, आणि तेव्हा अख्खा शेल्फ बंद करूनच बदलावं लागतं. तुमची तिन्ही लक्षणं तीन वेगळ्या भागांची आहेत.

पीएसयू: बऱ्याच २यू शेल्फमध्ये पंखे पीएसयूच्या पोटातच असतात आणि त्यांना वीज मिडप्लेनवरून दोन्ही बाजूंनी मिळते. एक पीएसयू वीज देईनासा झाला तरी त्याचे पंखे दुसऱ्याच्या विजेवर फिरत राहतात, आणि शेल्फ खबरदारी म्हणून सगळ्यांचा वेग वाढवतो. म्हणून नवा हातात येईपर्यंत बिघडलेला पीएसयू बाहेर काढू नका. काढलात तर पंखे जातात आणि त्या भोकातून हवा उलटी आत शिरते, डिस्कवरून खेचलीच जात नाही. आधी पॉवर कॉर्ड आणि पीडीयूचं (रॅकमधल्या वीजपट्टीचं) आउटलेट तपासा, निम्म्या वेळा तिथेच संपतं. रिकाम्या स्लॉटमध्ये डमी कॅडी (कॅडी म्हणजे डिस्कचा ट्रे, डमी फक्त भोक झाकायला) आहेत का तेही बघा.

एकच पाथ: त्या चार डिस्क साटा (साध्या पीसीतल्या डिस्कची जोडणी) असणार. सॅस डिस्कला दोन पोर्ट असतात, एक मॉड्यूल ए कडे, एक बी कडे. साटाला एकच, आणि तो साधारणपणे ए कडे जातो. ए मॉड्यूल पडलं की चारही डिस्क एकदम गायब होतील. उपाय म्हणजे कॅडीत डिस्कच्या मागे बसणारा इंटरपोझर (एका पोर्टचे दोन करणारा छोटा बोर्ड). पण तो जागा खातो, म्हणून डिस्क कॅडीत पुढे सरकवून वेगळ्या स्क्रू-भोकांवर बसवावी लागते. कॅडी त्यासाठीचीच आहे ना, आधी बघा. सरळ सॅस डिस्क घेणं जास्त शहाणपणाचं.

उत्तर २ (फाय_चार):
स्लॉट ७ साठी: डिस्क दुसऱ्या चालत्या स्लॉटमध्ये घाला. तिथेही मेलेलीच असेल तर दोष डिस्कचा, किंवा (जास्त शक्यता) पॉवर डिसेबलचा. नव्या एंटरप्राइझ डिस्कमध्ये पॉवर कनेक्टरची तिसरी पिन, पी३, 'डिस्क बंद ठेव' या संकेतासाठी वापरतात. जुनं मिडप्लेन त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देत असेल तर डिस्कला कायम बंदचाच हुकूम मिळतो. मॉडेल नंबर डेटाशीटमध्ये शोधा, हीच डिस्क या सुविधेशिवायही मिळते.
आणि बऱ्याच शेल्फमध्ये स्लॉटची मोजणी ० पासून असते हं! तसं असेल तर स्लॉट ७ म्हणजे आठवी डिस्क. एसजी-एसईएस या लिनक्स कमांडने त्या स्लॉटचा आयडेंट (ओळखीचा) दिवा लावून खात्री करा, मगच ओढा. कॅडीची कडी उघडून डिस्क बोटभर बाहेर घ्या, ३० सेकंद थांबा, प्लॅटर थांबल्यावर पूर्ण काढा.

उत्तर ३ (कॅडी_नंबर_शून्य):
पी३ वर कॅप्टॉन टेप (वीजरोधक पातळ टेप) लावायचा सल्ला कुणी देईलच. टेबलावर चाचणीपुरतं ठीक. कॅडी दोन-चारदा आत-बाहेर झाली की टेप सरकून मिडप्लेनच्या कनेक्टरमध्ये अडकतो, आणि मग खरंच मिडप्लेन बदलायची वेळ येते.

केबल: एचबीएला मिनी-सॅस एचडी (एसएफएफ-८६४४), ६ जीबीपीएसच्या शेल्फला बहुधा एसएफएफ-८०८८, त्यामुळे दोन टोकं वेगळी असलेली केबल लागेल. पोर्ट १ वरच्या शेल्फच्या ए मध्ये, तिथून खालच्या ए मध्ये. पोर्ट २ मात्र आधी खालच्या शेल्फच्या बी मध्ये, तिथून वरच्या बी मध्ये. असं उलट टाकल्याने वरचा शेल्फ पूर्ण बंद पडला तरी खालचा दिसत राहतो. ए आणि बी कधीही एकमेकांत जोडू नका. जोडण्याआधी दोन्ही शेल्फचे आयडी वेगळे करा. अनेक शेल्फमध्ये नवा आयडी वीज बंद-चालू केल्याशिवाय लागू होत नाही.

वेगाचा हिशेब: चार लेन (केबलमधल्या समांतर वाटा) गुणिले ६ म्हणजे २४ जीबीपीएस, एका बाइटला दहा बिट लागतात, म्हणून एका केबलवर साधारण २४०० एमबी प्रति सेकंद. सलग वाचताना २५० एमबी देणाऱ्या दहा डिस्कच ती भरून टाकतात.

उत्तर ४ (फाय_चार):
त्यात भर: केबल नीट बसली नसेल तर लिंक चारऐवजी तीन लेनवर गुपचूप चालते, कधी कधी कुठलाही दिवा पेटत नाही. जोडल्यावर सिसएफएसमध्ये (लिनक्सच्या /sys फोल्डरमध्ये) प्रत्येक फायचा (म्हणजे एका लेनच्या टोकाचा) वेग आणि 'इनव्हॅलिड डीवर्ड'चा, म्हणजे चुकीच्या आलेल्या डेटाचा, आकडा बघा. एकाच फायवर तो वाढत असेल तर आधी केबल बदला, मॉड्यूल नंतर. मॉड्यूल बदललंच तर दोन्हींचं फर्मवेअर एकाच आवृत्तीचं हवं.
चालू करताना आधी शेल्फ, डिस्क फिरू लागल्या की सर्व्हर. बंद करताना उलट.