दारात लटकणारा हौसेने लटकत नाही

टिटवाळेकर: घाटकोपरकरांनी काल लिहिलं, "लोकलमधून पडणारे बेशिस्तीने पडतात. एक गाडी सोडली तर काय बिघडतं?" वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. ९ जून २०२५, सोमवार सकाळ. मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारातली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. गेलेल्यांत एक रेल्वे पोलीस होता. त्यालाही शिस्त नव्हती?

कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे दोनच रूळमार्ग, कर्जतकडे दोनच. मेल-एक्स्प्रेसही त्यावरूनच जातात. मेल आली की लोकल बाजूला उभी. सोडलेल्या गाडीच्या मागून येणारी आणखी भरून येते. आमच्या ऑफिसात तीन लेटमार्क झाले की अर्धा दिवस कापतात. तो पगार कोण भरून देणार?

घाटकोपरकर: दुःख मलाही झालं. पण आत पॅसेजमध्ये जागा असते आणि दारातला ग्रुप हलत नाही, हे मी रोज बघतो. मागच्या महिन्यात उतरताच आलं नाही, थेट ठाण्याला गेलो. वर शिव्या खाल्ल्या. ही बेशिस्त नाही तर काय?

टिटवाळेकर: दार अडवणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण एका पायावर लोंबकळणारा वेगळा. दोघांना एकाच मापाने मोजू नका.

दिव्याची सून: ग्रुपचा विषय काढलात ते बरं झालं. कल्याण-डोंबिवलीच्या बायका आमच्या दिवा स्टेशनला दारात भिंत करून उभ्या राहतात. "मागून येतेय ना रिकामी," म्हणतात. जानेवारी २०१५ मध्ये दिव्यात लोक रुळांवर उतरले होते, विसरलात का?

डोंबिवली फास्ट नाही: आणि दिवेकर डाऊन, म्हणजे मुंबईकडून येणाऱ्या गाडीने उलटे कल्याणला येऊन बसून जातात त्याचं काय? कल्याणला सुटणारी गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या आधीच भरलेल्या. पास दिव्याचा, सीट कल्याणची.

दिव्याची सून: हो, येते मी उलटी. सातवा महिना होता तेव्हा दिव्याला चढताना पोटात कोपर बसलं. डबाभर बायका, एकीने हात दिला नाही. त्या दिवसापासून कल्याणपर्यंतचा पास काढलाय, पैसे मोजून. दाखवू?

डोंबिवली फास्ट नाही: पास असेल तर तुमच्याबद्दल तक्रार नाही, ताई. पण सगळ्यांकडे नसतो. आणि रुमाल टाकून चार-चार सीटा धरणं कुठल्या पासात बसतं?

कर्जतचे काका: ग्रुपला सरसकट झोडपू नका. आमच्यात बसलेला ठाण्याला उठतो आणि उभ्याला बसवतो, कुणी सांगावं लागत नाही. माझ्या छातीत कळ आली तेव्हा याच पोरांनी मला खाली उतरवून रिक्षात घातलं. फोर्थ सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथा म्हणून, अर्धं बूड टेकवून दोन-दोन तास जाणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

डोंबिवली फास्ट नाही: काका, तुमचा ग्रुप चांगला असेल. आमच्या डब्यातला नवख्याला उठवतो. "रोजची जागा आहे" म्हणे. सरकारी डब्यात कसली रोजची जागा?

घाटकोपरकर: सीटांवरून भांडत बसा. मी म्हणतो दरवाजे बंद करा. एसी लोकलमधून कुणी लटकतं का?

टिटवाळेकर: एसीचं किमान तिकीट ३५, साध्याचं ५. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या फेऱ्यांच्या जागी एसी घातल्या, तेव्हा कळव्यात आणि बदलापुरात लोक उसळले. शेवटी नव्या १० फेऱ्या मागे घेतल्या. मुंब्र्यानंतर रेल्वेने साध्या गाडीलाही आपोआप बंद होणारे दरवाजे जाहीर केले. हवेसाठी दारांना झडपा, छतावरून हवा, डब्यातून डब्यात जायला वाट. जरूर आणा. पण फेऱ्या तेवढ्याच राहिल्या तर ते दार लागणार कसं? आणि लागलंच, तर बाहेर राहिलेल्यांनी कामावर कसं पोचायचं?

घाटकोपरकर: फेऱ्या आणि रूळ वाढायला हवेत, एवढं मान्य. शिस्तीबद्दल लिहिलेला शब्द मागे घेणार नाही.

टिटवाळेकर: नका घेऊ. एकदा सकाळी टिटवाळ्याला या आणि एक गाडी सोडून दाखवा.

दिव्याची सून: दिव्याहून सीएसएमटीला सुटणारी लोकल आम्ही कित्येक वर्षं मागतोय. ती द्या, दुसऱ्या दिवसापासून कल्याणच्या सीटकडे बघणारसुद्धा नाही.